दर्शनी भागाला हात लावण्याआधी

प्रश्न विचारणारे गृहस्थ दक्षिण मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत. इमारत १९३०च्या दशकातली, तळमजला अधिक चार. वारसा परिसराच्या हद्दीत येते, पण तिला स्वतःची वेगळी ग्रेड, म्हणजे वारसा श्रेणी, नाही. लाकडी खिडक्या कुजल्या, छज्ज्यांचे तुकडे खाली पडायला लागले, म्हणून संस्थेने वर्गणी काढून काम ठरवलं. सगळीकडे सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या, कोपऱ्यावरच्या गोलाकार बाल्कन्या काचेने बंद आणि वरून टेक्स्चर पेंट. परांची बांधून झाली आणि विभाग कार्यालयाची नोटीस आली: आधी वारसा समितीकडून मंजुरी आणा, मग काम. सचिव विचारतात, ‘इमारत आमची, पैसा आमचा, तुकडे पडतात ते आमच्या मुलांच्या डोक्यावर. रंग कोणता लावायचा हे महापालिका कोण सांगणार? आणि परवानगी घ्यायचीच असेल तर ती मिळवायची कशी?’

मी गेली सव्वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. अशा नोटिसा हातात घेऊन माझ्याकडे आलेल्या संस्था पुष्कळ. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, सांगू शकते. बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ साली मंजूर झाली आणि ती १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ६७ क्रमांकाचा नियम म्हणून आली. २०३४ सालापर्यंतच्या विकास आराखड्यासाठी आता लागू असलेल्या नियमावलीत तोच विषय ५२व्या नियमात आहे. यादीतल्या वास्तूत किंवा वारसा परिसरात बांधकाम, फेरफार, दुरुस्ती, गिलावा, पाडकाम यांतलं काहीही करायचं तर महापालिका आयुक्तांची लेखी पूर्वपरवानगी लागते, आणि त्या यादीत रंगकामाचा शब्दशः उल्लेख आहे. ‘नुसता रंगच तर लावतोय’ हे म्हणणं म्हणून टिकत नाही. आयुक्त ही परवानगी मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेऊन देतात. समितीत वास्तुरचनाकार, स्ट्रक्चरल इंजिनीअर, इतिहासाचे आणि पर्यावरणाचे जाणकार असतात. समिती सल्ला देते, सही आयुक्तांची असते. अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लेखी नोंदवून, आयुक्त तो सल्ला बाजूला ठेवू शकतात. हे लक्षात ठेवा, कारण लोक समितीवर रागावतात आणि पत्र मात्र भलत्याच टेबलावर पाठवतात.

तुमच्या इमारतीला ग्रेड नाही याचा अर्थ नियम नाही असा होत नाही. ग्रेड १ म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, तिथे जवळपास काहीच बदलता येत नाही. ग्रेड २ मध्ये अ आणि ब असे दोन भाग आहेत. ग्रेड ३ ही रस्त्याच्या आणि वस्तीच्या रूपासाठी महत्त्वाची. परिसरातल्या बिनग्रेडच्या इमारतीकडे समिती साधारण याच शेवटच्या नजरेने बघते. तुमच्या स्वयंपाकघरात कोणत्या फरशा आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसतं. रस्त्यावरून काय दिसतं, शेजारच्या चार इमारतींशी ते कसं जुळतं, एवढंच ती तपासते.

आता थोडं मागे जाते, कारण हा राग मला समजतो आणि त्याचं मूळ दुसरीकडे आहे. मुंबईत सर्वसाधारण इमारत दिसते कशी, हे महापालिका जवळपास तपासतच नाही. दिल्लीत १९७३च्या कायद्याने नागरी कला आयोग नेमलेला आहे आणि मोठे प्रकल्प रूपाच्या दृष्टीनेही त्याच्यासमोर जातात. आपल्याकडे तसं काही नाही. नवा प्रस्ताव इमारत प्रस्ताव विभागात गेला की तिथे सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), जिन्याची रुंदी, चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून मोजलेलं बांधकाम), पार्किंग आणि अग्निशमन दलाचा दाखला बघतात. बांधकामाची पहिली मंजुरी १८८८च्या महापालिका कायद्याच्या ३४६व्या कलमाखाली मिळते. सगळे तिला आय.ओ.डी. म्हणतात, आणि त्या अक्षरांचा अर्थ आहे ‘इंटिमेशन ऑफ डिसअ‍ॅप्रूव्हल’, म्हणजे नापसंतीची सूचना! म्हणजे अमुक अमुक अटी पूर्ण होईपर्यंत तुमचा प्रस्ताव नामंजूर आहे, असं सांगणारा कागद हीच आपल्याकडची मंजुरी. त्या अटींच्या लांबलचक यादीत, दर्शनी भाग रस्त्याला शोभतो का, अशी अट मी आजवर पाहिलेली नाही. उंच मनोऱ्यांसाठी वेगळी तांत्रिक समिती आहे, पण तिची नजर पायावर, भूगर्भावर आणि वाऱ्याच्या भारावर असते.

मग मुंबईच्या इमारतींचे चेहरे ठरवतं कोण? चटई निर्देशांक ठरवतो, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. नव्वदच्या दशकापासून पुढे पंधरा-वीस वर्षांत बांधलेली कुठलीही उंच इमारत अंधेरीत नाहीतर कांदिवलीत उभं राहून बघा. प्रत्येक खिडकीखाली एक पेटीसारखा भाग बाहेर आलेला दिसेल. कागदावर ते फ्लॉवरबेड होते, चटई क्षेत्रात मोजले जात नव्हते. म्हणून ते बांधले, विकले, आणि ताबा मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी खोलीत सामावून घेतले. झाड एकही लागलं नाही. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलला. फ्लॉवरबेड, बाल्कनी वगैरे सगळं चटई क्षेत्रात धरायचं ठरलं आणि त्याऐवजी निवासी इमारतींना अधिमूल्य (प्रीमियम) भरून ३५ टक्के फंजिबल क्षेत्र, म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा चटई क्षेत्र, मिळू लागलं. त्यानंतरच्या इमारतींवरून त्या पेट्या गायब झाल्या. एका रात्रीत शहराचा चेहरा बदलला, आणि तो बदलताना ‘हे दिसायला कसं दिसेल’ असं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. पोडियमचं, म्हणजे मनोऱ्याखालच्या रुंद चौथऱ्यासारख्या मजल्यांचंही तेच. रस्त्यालगत चार-चार मजले गाड्यांच्या कोऱ्या भिंती उभ्या राहिल्या त्या पार्किंगच्या नियमांमुळे, कुणा वास्तुरचनाकाराच्या आवडीमुळे नव्हे.

हे सांगण्याचं कारण असं की, तुम्हाला अन्याय वाटतो तो यामुळेच: पलीकडच्या रस्त्यावर काचेचा मनोरा उभा राहतो तेव्हा कोणी विचारत नाही, आणि आमच्या खिडकीची झडप बदलायला समिती? तक्रार रास्त आहे. पण तिचा उपाय तुमच्या रस्त्यालाही तसंच सोडून देणं हा नाही.

कारण तुमचा रस्ता आज जसा दिसतो तसा तो आपोआप झालेला नाही. दादाभाई नौरोजी रोड, म्हणजे जुना हॉर्नबी रोड, त्याच्या दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी जी कमानींची ओसरी आहे, ती १८९६च्या नियमाने सक्तीची केली होती. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, शैली वेगवेगळ्या, पण खाली ओसरी हवीच. म्हणून आजही जुलैच्या पावसात तुम्ही तिथे छत्री मिटून बरंच अंतर चालू शकता. बॅलार्ड इस्टेट पोर्ट ट्रस्टने समुद्र बुजवून वसवली, तिथलं एकसारखं रूप जॉर्ज विटेट यांनी राखलं. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दादर-माटुंग्याच्या वसाहतींमध्ये इमारतींची उंची आणि मोकळी जागा त्याच्या योजनेने बांधून दिली, म्हणून हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत झाडं इमारतींपेक्षा उंच वाढू शकली. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आणि मरीन ड्राइव्हची रांगही अशीच, एका मापात बसलेली आहे. २०१८ साली युनेस्कोने व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा हा समूह जागतिक वारसा यादीत घेतला, तो एकेका इमारतीसाठी घेतलेला नाही. मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, समोर तीसच्या दशकातली घरं, आणि मधे मोकळं मैदान, हे सगळं मिळून मोल आहे. एका इमारतीने बाल्कन्या काचेने बंद केल्या की त्या रांगेतला एक दात पडल्यासारखं दिसतं.

आता तुमच्या इमारतीकडे येते. तीन कामं ठरवली आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

बाल्कनी बंद करण्याचा विचार सोडून द्या. तिथे समितीचा प्रश्न नंतर येतो, त्याआधी चटई क्षेत्राचा येतो. बंद केलेली बाल्कनी म्हणजे वाढीव क्षेत्र, आणि त्यासाठी इमारत प्रस्ताव विभाग वेगळा हिशेब मागेल. दोन्हीकडून अडकाल.

खिडक्यांबद्दल मात्र मला जास्त सांगायचं आहे, कारण इथेच संस्था विनाकारण पैसे घालवतात. ठेकेदार येतो, खिडकीला टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘सगळं सडलंय, बदलून टाका.’ मी गेल्या वर्षी अशाच एका इमारतीत एकेक खिडकी सुतारासोबत तपासली. सुताराने पेचकस घेतला आणि चौकटीला खालपासून वरपर्यंत टोचत गेला. खालच्या आडव्या पाटात पेचकस लोण्यात जावा तसा आत गेला. उभ्या खांबांत खालची चार बोटं मऊ लागली. त्याच्या वर मात्र टोक आत शिरेना. ऐंशी-नव्वद वर्षांचं सागवान, रंगाचे थर खरवडल्यावर आतून तांबूस निघालं आणि रंधा मारताच तेलकट वास आला. पाणी खालच्या पाटावर साचतं म्हणून कुजतं तेवढंच. तो भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा सांधून बसवता येतो, बिजागऱ्या बदलता येतात, तावदानांची लांबी (काच बसवायची पुट्टी) नव्याने भरता येते. पाटाला बाहेरच्या बाजूने उतार दिला आणि खाली पाणी गळण्याची खाच काढली की पुन्हा कुजत नाही. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान मुंबईत अजून मिळतं. अशा दुरुस्तीचा खर्च नवीन अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबरीने येतो किंवा थोडा कमी, असा माझा अनुभव आहे. वेळ मात्र जास्त लागतो, हे आधीच सांगून ठेवते. आणि सरकत्या खिडकीचा एक तोटा कोणी सांगत नाही: तिचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. तुमच्या जुन्या झडपा पूर्ण उघडतात, आणि मे महिन्यात समुद्रावरचा वारा घरात यायचा तर हा फरक अंगाला जाणवतो.

जिथे खरंच काही उरलेलं नाही तिथे नवी खिडकी लाकडाचीच, किंवा त्याच जाडीच्या, त्याच विभागणीच्या पट्ट्या असलेली दुसऱ्या साहित्याची मागा. अशा प्रस्तावाला समिती सहसा सरसकट नकार देत नाही. ती बघते ते हे, की तीन भागांची खिडकी तीन भागांचीच राहते का, आणि आडवी पट्टी जिथे होती तिथेच आहे का.

तिसरं काम रंगाचं. त्याआधी छज्जे. तुमच्या खिडक्यांवरून कोपऱ्याला वळसा घालून जाणारे, भुवईसारखे पातळ छज्जे त्या काळच्या सिमेंट काँक्रीटचे आहेत. खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. त्यावर टेक्स्चर पेंट म्हणजे पिकलेल्या जखमेवर चिकटपट्टी. सैल भाग ठोकून काढा, सळई पूर्ण उघडी करून गंज घासून काढा, गंजरोधक लेप द्या, मग पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने मूळ जाडीत भरा. मूळ जाडीत, हे महत्त्वाचं. पुष्कळ ठिकाणी दुरुस्तीनंतर छज्जा दुप्पट जाड होतो आणि भुवईची फळी होते. इमारत तीस वर्षांहून जुनी असल्याने कलम ३५३ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट तुम्हाला करावंच लागतं. तो अहवाल प्रस्तावाला जोडा, कारण काम किती तातडीचं आहे हे त्यावरूनच कळतं.

आणि रंग. कोणता रंग, हा वाद बैठकीत तोंडी घालू नका. इमारतीलाच विचारा. पावसाचं पाणी पोहोचत नाही अशी जागा शोधा, म्हणजे छज्ज्याच्या खाली किंवा जिन्याच्या वळणावर. धारदार पातं घेऊन रुपयाएवढ्या वर्तुळात एकेक थर पायरीपायरीने खरवडत जा आणि ओल्या फडक्याने पुसा. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे थर दिसतात. वर परवाचा गुलाबी, मग निळसर, मग दोन-तीन पांढुरके, आणि सगळ्यांत खाली गिलाव्याला चिकटलेला मूळ रंग. एका इमारतीत मला भिंतीवर फिका लोण्यासारखा पिवळा आणि आडव्या पट्ट्यांवर गवती हिरवा सापडला होता. रहिवाशांपैकी एका आजीबाईंनी तो बघताक्षणी सांगितलं, ‘अगं, मी लग्न होऊन आले तेव्हा असाच होता.’ मापपट्टी शेजारी ठेवून त्या वर्तुळाचा फोटो काढा आणि प्रस्तावात लावा. त्यापुढे रंगावरून चर्चा होत नाही.

तुमची इमारत काँक्रीटची आहे, म्हणून एवढ्यावर भागतं. फोर्टमधली दगडी इमारत असती तर मी रंगाला हातच लावू नका म्हटलं असतं. कुर्ल्याच्या आणि पोरबंदरच्या दगडाला श्वास घ्यावा लागतो. ऑइलपेंटने ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

प्रस्तावात काय असावं? प्रत्यक्ष मोजमाप घेऊन काढलेले दर्शनी भागाचे नकाशे, आजचा आणि प्रस्तावित असे शेजारी शेजारी. खिडकीचा आणि छज्ज्याचा मोठ्या मापात काढलेला छेद, म्हणजे कापून आतलं दाखवणारं चित्र. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून काढलेले, शेजारच्या इमारती दिसतील असे फोटो. संस्थेचा ठराव. ऑडिट. काम कसं करणार याचं साध्या भाषेतलं टिपण. ‘प्रत्यक्ष मोजमाप’ यावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेसाठी मी जुन्या मंजूर नकाशावरूनच दर्शनी भाग काढून दिला, परांची नव्हती म्हणून वर जाऊन मोजला नाही. समितीचे सदस्य जागेवर आले तर दुसऱ्या मजल्यावरच्या उठावदार पट्ट्या नकाशात नव्हत्याच, बांधताना बदल झालेला होता. प्रस्ताव परत आला. पुन्हा मोजून, पुन्हा सादर करेपर्यंत पावसाळा लागला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका वयस्क जोडप्याने चार महिने पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध ठेवून काढले. ती खोली अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमची परांची आज उभी आहे, तिचं भाडं चालू आहे. तिच्यावर चढून मोजमाप करून घ्या. इतकी चांगली संधी पुन्हा मिळणार नाही.

पडायला आलेल्या भागांसाठी थांबू नका. टेकू द्या, जाळी बांधा, सैल तुकडे काढा, आणि फोटोसह विभाग कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा. जीव वाचवण्यासाठी केलेल्या कामावर मी आजवर कोणाला हरकत घेताना पाहिलेलं नाही. तेवढ्याच आडोशाने चार खिडक्या काढून टाकल्या तर मात्र सगळा विश्वास जातो.

या व्यवस्थेच्या बाजूने मी एवढं लिहिलं, पण तिच्यात जे चुकतं तेही लिहायला हवं. वारसा परिसर जाहीर झाले, पण त्या त्या परिसरात नेमकं काय चालेल हे सामान्य रहिवाशाला कळेल असं पुस्तक हातात नाही. खिडक्यांचे चार नमुने, रंगांचा एक तक्ता, दुकानाच्या पाटीचं माप, एसीचा बाहेरचा डबा कुठे लावावा, एवढं जरी छापून विभाग कार्यालयात ठेवलं, तरी तुमच्यासारखी निम्मी प्रकरणं समितीपर्यंत जाणारच नाहीत आणि समितीला मोठ्या प्रश्नांसाठी वेळ मिळेल. दादाभाई नौरोजी रोडवर पाट्यांच्या बाबतीत हे करून दाखवलेलं आहे. दुकानांच्या पाट्या कमानींच्या आत, ठरलेल्या मापात आल्या, आणि २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. मग बाकीचे रस्ते का राहिले?

दुसरं, पैशाचं. यादीतल्या इमारतीच्या मालकाचा विकासाचा हक्क या नियमामुळे बुडाला तर त्याला हस्तांतरणीय विकास हक्क (टी.डी.आर.) मिळतो, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरता किंवा विकता येतो. पण ज्या संस्थेला काही वाढवायचंच नाही, फक्त नीट दुरुस्ती करायची आहे, तिच्या हाती त्यातलं काही पडत नाही. शहर ज्या रांगेचा अभिमान मिरवतं, ती टिकवण्याचा खर्च चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकाच्या वर्गणीतून होतो. २०१२ साली वारसा वास्तूंची नवी प्रस्तावित यादी आली तेव्हा शिवाजी पार्क आणि दादर-माटुंग्यात केवढी घबराट झाली होती! पुनर्विकास अडकेल, घरं तशीच गळत राहतील, ही भीती खोटी नव्हती. त्या सभांमध्ये मी वारशाच्या बाजूने बोलले आणि लोकांच्या डोळ्यांतला राग पाहिला. निदान मालमत्ता करात सूट आणि मंजुरीला ठरावीक मुदत, या दोन गोष्टी दिल्याशिवाय नागरिकांकडून प्रेमाची अपेक्षा करणं योग्य नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात सैल भाग काढून विभाग कार्यालयाला पत्र. ठेकेदाराशी केलेला करार रद्द करू नका, फक्त खिडक्यांची बाब थांबवा आणि पेचकस घेऊन जाणारा एक जुना सुतार शोधा. परांचीवरून मोजमाप आणि रंगाचे थर. मग सर्वसाधारण सभा बोलवा आणि अ‍ॅल्युमिनियमचा आधीचा ठराव बदलून घ्या, नाहीतर प्रस्तावात एक आणि ठरावात दुसरंच असं होतं आणि तेवढ्यावरून कागद परत येतो.

आणि एक बघून ठेवा. साठ-सत्तर खिडक्यांमध्ये एखादी तरी अशी असते जिला कोणी कधी हात लावलेला नाही, बहुतेक जिन्यावरची किंवा मागच्या न्हाणीघराची. मूळ काच, मूळ कडी, मूळ पट्ट्या तिथे सापडतील. तिला ठेकेदाराच्या माणसांपासून जपा, खडूने खूण करा. बाकी सगळ्या खिडक्यांचं माप तिच्यावरूनच घ्यायचं आहे.